मामांनी नेलेलं बटण

जगात फेकून देण्यासारखं काहीही नसतं असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचं घर आरोंद्याला, खाडीच्या काठाशी. मी नोकरीपायी बांद्याला. सवड सापडली की रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला जातो आणि परतताना आपल्या अंगावरचं काय काय शिल्लक आहे ते तपासतो. बायकोची फुटकी बांगडी, औषधाच्या गोळ्यांचं चंदेरी पाकीट, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं मामांच्या पत्र्याच्या डब्यात जमा होतं. एकदा जेवणानंतर शर्ट खुंटीला अडकवून मी ओटीवर आडवा झालो. उठून बघतो तर शर्टाचं वरून चौथं बटण गायब. बहिणीने हौसेने दिलेला शर्ट, त्याला खऱ्या शिंपल्याची बटणं, आणि हा मनुष्य डाव्या हातात कात्री घेऊन समोर शांत बसलेला! मी काही बोलायच्या आत मलाच म्हणाले, "जावयबापू, रागाव नकात. तुमच्या पोटावरचा बटण तसाय लागणा नाय." बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. आणि बटण खरंच लागत नव्हतं.

पण मामा पहिल्यापासून असे नव्हते. एके काळी ते आमच्या भागातले डोळ्यांच्या आखणीचे राजे होते. आमच्याकडे गणपती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. आषाढात प्रत्येक घरातून आपापला पाट आणि नारळ शाळेत पोचवायचा, आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडायचा. मामांच्या शाळेत पाट ठेवायला जागा पुरत नसे. माती कोणीही मळेल, रंग कोणीही देईल, पण डोळे मामांनीच लिहायचे. आखणीच्या दिवशी ते चहा घेत नसत, बोलत नसत, आणि घरात कोणी शिंकलेलं त्यांना खपत नसे. मामींना त्या दिवसांत हमखास सर्दी व्हायची. बिचारी माउली शिंक आली की गोठ्यात धावायची आणि गाईच्या साक्षीने शिंकून परत यायची. मामांचा नियम एकच होता. "पाटासमोर जो बसतलो, तेका देवान सरळ बघूक व्हया. दोनय डोळ्यांनी." आणि देव बघायचा. मी नास्तिकपणाच्या बऱ्याच गप्पा मारतो, पण मामांच्या गणपतीसमोर बसून मला कधी खोटं बोलता आलेलं नाही.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची, मग जेवताना भात सांडायचा. डॉक्टर म्हणाले, कंपवात. मामा म्हणाले, थंडी. भर मे महिन्यात थंडी! त्या वर्षीही त्यांनी हट्टाने सगळी आखणी केली, उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरून. शेवटचा गणपती उरला तो आमच्या मासेवालीचा. हरितालिकेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी चतुर्थी, आणि डावा डोळा लिहिताना हात सुटला. बुबुळ कडेला सरकलं. पुसून पुन्हा काढायला वेळ नव्हता आणि हातही उरला नव्हता. मामा तिला म्हणाले, "बाय गो, तू दुसरो ने." ती म्हणाली, "पाट माझो, मगे देव दुसरो कसो नेव?" डोक्यावर घेतला आणि गेली. आदल्याच वर्षी तिचा नवरा वारला होता. अशा घरात आपण वाकडा देव पाठवला, हे मामांच्या मनाला फार लागलं. चतुर्थीला ते तिच्या घरी दर्शनाला गेले, पाटासमोर बसले, तो डोळा बघितला आणि पाणीसुद्धा न पिता परत आले. विसर्जनाच्या दिवशी सगळ्या कुंचल्या फडक्यात बांधून त्यांनी खाडीत सोडल्या. शाळा बंद झाली. लोकांचे पाट दुसऱ्या शाळांत गेले.

त्यानंतरची दोन वर्षं मला आठवायला नको वाटतात. मामा ओटीवर बसलेले असायचे, उजवा हात पंचाखाली लपवलेला. कोणी आलं की "येवा" म्हणायचे आणि पुढे काही नाही. मामी मला दारापर्यंत सोडायला यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "घरात माणूस आसा, पण आवाज नाय रे." माझा जीव तुटायचा, आणि मला राग यायचा तो कोणावर काढावा ते कळायचं नाही.

यातून बाहेर काढलं ते माटवीने. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, फुलं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस बांधतो, ती माटवी. दर वर्षी ती बांधायला शेजारचा कोणीतरी यायचा. त्या वर्षी मामींनी मुद्दाम कोणाला बोलावलंच नाही. "बांधूक कोण नाय, मी म्हातारी चढू काय शिडयेर?" असं ओरडत त्या शिडी लावायला लागल्या तेव्हा मामा उठले. सुंभाच्या गाठीला थरथरता हात चालतो. उलट, मामा पुढे सांगायचे, की हात थरथरला म्हणून कवंडळाचं तांबडं फळ भलतीकडेच बांधलं गेलं आणि तिथंच ते शोभलं. गणपती गेल्यावर माटवीचं वाळलेलं सामान त्यांनी टाकू दिलं नाही. शाळेत मोडके पाट पडले होते, त्यातल्या एकावर त्यांनी ते खळीने चिकटवायला सुरुवात केली. आणि मग हा गृहस्थ जो सुटला तो सुटलाच. नारळाची सोडणं, तुटक्या जाळ्यांचे तुकडे, मामींच्या जुन्या लुगड्याचे काठ, वाळू, शेणाने सारवलेल्या जमिनीची खपली, वर रंगाचे हात, तेही कुंचलीने नाही, बोटाने आणि फडक्याने. एका पाटावर भरतीची खाडी, दुसऱ्यावर भात लावणाऱ्या बाया. वेंगुर्ल्याचे एक पाहुणे ती खाडी बघून खुर्चीवरून उठून उभे राहिले. मामा त्यांना म्हणाले, "बसा, अजून ओली आसा."

पण खाडीचं पाणी चमकेना. त्यासाठी त्यांना हवे होते माशांचे खवले. मासेवाली दारात पाटी उतरवायची, मामी सुरमईच्या भावावरून तिच्याशी भांडायच्या आणि मामा मध्येच म्हणायचे, "माका नुसते खवले दी." ती कपाळाला हात लावायची. "इतकी वर्सां मासे इकतंय. गिरायक मुंडकी मागता, गाबोळी मागता. खवले मागणारो ह्यो पयलोच!" तरी आणून द्यायची, केळीच्या पानात बांधून. मामांनी पावसाळ्याआधी खवले धुऊन डबा भरून ठेवला आणि पावसाने त्याला वास सुटला. आता वास सुटलेली वस्तू माणूस उन्हात घालतो, बरोबर आहे. पण मामांनी ती घातली श्रावणात, सोमवारी, खळ्यात, भर बारा वाजता! सगळी वाडी उपासाची, आणि ह्यांच्या अंगणातून बाजाराचा वास. लोक कुंपणाशी जमले. ज्या घरात श्रावणात कांदासुद्धा शिजत नाही, त्या घराची अब्रू सुपात वाळत पडलेली. शेवटी मामी खळ्यात उभ्या राहून ओरडल्या, "खवले सुकतत गे, मासो नाय! आमी खाऊक नाय, देवाशप्पत खाऊक नाय!" मामा सूप हलवत शांतपणे म्हणाले, "ओरडा नको गो, खवले उडतले." आजही श्रावण लागला की वाडीतला एखादा आगाऊ माणूस विचारतोच, मामा, यंदा काय वाळत घातलंत?

हे सगळं बघून मी खूश होतो. माणूस परत आला असं सगळ्यांना सांगत होतो. मग एका रविवारी भिंतीला टेकवलेले सगळे पाट एका ओळीत बघितले आणि माझ्या लक्षात आलं की एकाही माणसाला डोळे नाहीत. भात लावणाऱ्या बाया पाठमोऱ्या. होडीतल्या माणसाचं तोंड टोपीखाली. मामींचं म्हणून एक चित्र होतं, त्यात चेहऱ्याच्या जागी नुसती चुलीची राख. मी न राहवून विचारलं, "मामा, डोळे?" त्यांनी हात पंचाखाली घेतला आणि म्हणाले, "ता सोडून काय व्हया ता इचारा." म्हणजे माणूस परत आला होता, पण ज्यासाठी तो जन्माला आला ते दार बंदच होतं. ते उघडेल की असंच मिटून जाईल, याची धास्ती मामींना होती. त्या दिवसापासून मलाही लागली.

यंदा आषाढातल्या एका रविवारी आम्ही जेवून बसलो होतो. मासेवाली आली. डोक्यावर पाटी नव्हती. काखेत पाट, हातात नारळ. पाट तिने मामांच्या समोर ठेवला.

"भाऊनू, यंदा गणपती तुमीच करूक व्हयो."

मामांनी पंचा बाजूला केला आणि हात तिच्यासमोर धरला. "ह्यो हात बघ. तुझ्या देवाचो डोळो वाकडो केलंय, ता विसारलंस?"

"विसारतलंय कशी? म्हणानच इलंय," ती म्हणाली. "तुमी आखणी सोडलास ती हातामुळे, असा सगळे म्हणत. माझ्या गणपतीमुळे सोडलास, ता माका काल तुमच्या घरकारणीन सांगल्यान. भाऊनू, तो डावो डोळो खंय बघी होतो, तुमका ठावक आसा?"

मामांनी मान वर केली.

"घोव गेलो तेच्या दुसऱ्या वर्साची गजाल. पूजेक दीर बसलो. जाव पुढे, पोरां पुढे. मी आपली सैपाकघराच्या दारात. माका कोणी 'ये' म्हणूक नाय आणि मी जावक नाय. आरती सुरू झाली, वर बघलंय तर देव माझ्याकडे बघता! सगळ्यांक सोडून माझ्याकडे. पाच दिस. मी वडे तळतंय, तरी बघता. मी रडतंय, तरी बघता." तिने पदराने नाक पुसलं. "मगे दुसऱ्या शाळेतलो आणलव. लय बरो गणपती. पण तो दिराकडेच बघता."

मामींनी उठून पाटावरचा नारळ उचलला आणि देवापुढे नेऊन ठेवला. म्हणजे काम घेतलं. मामांना विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

आता पुढची पंचाईत ऐका. ज्या माणसाने जन्मभर सरळ डोळे लिहिले, त्याला एक डोळा वाकडा करायचा होता, ठरवून, आणि नेमका त्याच जागी! मूर्ती साच्यातून काढायला मामींनी हात लावला. डोळ्यांसाठी मामा सूत घेऊन मासेवालीच्या घरी गेले. पाट ठेवायच्या जागेपासून सैपाकघराच्या दारापर्यंत त्यांनी सूत ताणलं आणि तिला म्हणाले, "हयसर उभी रव. ताठ नको, रोज रवतंस तशी रव." दीर चक्रावून बघत राहिला. डोळे रंगाचे नव्हतेच. मामांनी ते डब्यातल्या जिनसांतून घडवले. शिंपल्याचा एक गोल चकचकीत तुकडा मधोमध कापून, सहाणेवर घासून दोन पाकळ्या केल्या आणि बुबुळांना कर्दळीचं काळं बी घासून घेतलं. ओल्या मातीत ते बसवायला आठ दिवस लागले. रंगाची रेघ चुकली तर चुकली, बी मात्र हात थरथरला तरी काढून पुन्हा बसवता येतं. ह्या एका गोष्टीचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. त्या आठ दिवसांत मामींना घरात शिंकायची परवानगी होती.

चतुर्थीला मी मासेवालीकडे गेलो. समोर बसून नमस्कार केला. उजवा डोळा माझ्याकडे होता, सरळ. मग मी उठून सैपाकघराच्या दारात तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने हळूच विचारलं, "बघता मां?" मी म्हटलं, "बघता." आणि मग त्या डोळ्याचा पांढरा भाग मी ओळखला. तो शर्ट घातला की ती किंचित निळसर झाक माझ्या पोटावर असायची. मला एकदम हसू आलं. हसावं की रडावं हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मामा आत आलेच नव्हते. तुळशीपाशी पाठ करून उभे होते. ती खळ्यात गेली, त्यांचा तोच उजवा हात धरला आणि म्हणाली, "येवा. हयसून बघा." दारात उभे राहून मामांनी बघितलं, खूप वेळ. हात तिच्या हातात थरथरत होता आणि त्यांनी तो पंचाखाली घेतला नाही.

पाचव्या दिवशी गणपती खाडीत गेला, त्याच्याबरोबर माझं बटणही गेलं. पाट धुऊन मामांच्या शाळेत परत आला आहे. मामींचं ते राखेचं चित्र पुन्हा ओटीवर आणून ठेवलंय, चेहऱ्याच्या जागी एक कर्दळीचं बी आहे, दुसरं अजून बसायचं आहे. हात पहिल्यापेक्षा जास्त हलतो. पुढच्या वर्षीचं विचारलं की मामा म्हणतात, "हात काय म्हणता ता बघूया." तो शर्ट मी अजून वापरतो. बायको नवं बटण लावून देते म्हणते, डब्यात चांगली ढीगभर आहेत. मी लावू देत नाही. पोटाला जरा वारा लागतो, एवढंच.