बॅगा राखणारा गार्ड

"गार्ड ना तू? मग बॅगा राख."

कॅप्टन इंग्रजीत बोलला आणि सगळी टीम हसली. बॅगा माझ्या पायाशी टाकून सगळे कोर्टवर गेले. मी लॉकर रूमच्या दाराशी. अंगात नवी जर्सी, कोरडी ठणठणीत.

आधीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात मी बास्केटबॉल टीमचा पॉइंट गार्ड होतो. बॉल माझ्या हातात, टीम माझ्या इशाऱ्यावर. तो खेळ बघूनच या मोठ्या कॉलेजनं फी माफ करून मला घेतलं. वय वाढलं तसं आईच्या इकाम्यावरून, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावरून, माझं नाव निघालं. आता कुवेतमध्ये राहायचं तर कॉलेजच्याच कागदावर. टीम सुटली की कॉलेज सुटलं, इकामाही गेला. म्हणून मुकाट्यानं बॅगा राखल्या. तीन आठवडे.

कॅप्टन मराठीच. बाप बँकेत मोठा साहेब. पोरगा घरीदारी इंग्रजी झाडणारा, पण पहिल्या दिवशी मला मराठीत विचारलं, "आडनाव काय तुझं?" मग गाव. मग वडील काय करतात.

"सिक्युरिटीत आहेत," मी म्हणालो. बाप राई भागातल्या एका गोडाऊनवर वॉचमन आहे, एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. तेव्हा ते लपवल्याची लाज अजून जात नाही.

तीन आठवड्यांनी बॅग टाकताना तो वाकला. हळूच, मराठीत म्हणाला, "गावातही वेशीवर तुमचेच लोक असायचे ना? जमेल तुला."

माझं डोकं सणकलं. माझा आजा येसकर. गावाची वेस राखायचा, बदल्यात भाकरी मागून आणायचा. एक दिवस त्यानं येसकराची काठी चावडीसमोर टाकली आणि गाव सोडलं. इथं फरवानियातल्या आमच्या खोलीत बाप हे सांगायचा तेव्हा मी मोबाइल बघत बसायचो.

मी बॅगा तिथंच सोडल्या. कोर्टवर गेलो.

कोचनं विचारलं, "बॅगांपाशी कोण आहे?"

"कुणी नाही. मी गार्ड खेळतो. वॉचमन माझा बाप आहे, आणि त्याला त्याचा पगार मिळतो."

कोच म्हणाला, "मग बेंचवर बस."

बसलोय. चार सामने झाले. इकामा अजून त्यांच्याच हातात आहे, उद्या काढूनही घेतील. पण सरावात कॅप्टनला अडवायला मीच असतो. त्याला एक बास्केट सुखानं टाकू देत नाही. आणि आता कुणी वडिलांचं विचारलं की वॉचमन म्हणतो, मोठ्यानं, मराठीत.