संत्र्याच्या झाडाला बांधलेली शालूताई

बांधून घेण्याआधी शालूताई लघवीला जाऊन यायची आणि आम्हालाही पाठवायची. "एकदा गाठ पडली का मंग देव आला तरी त्याले थांब म्हणा लागते," असं तिचं म्हणणं.

शालूताई सौंसरला ब्लाउज शिवायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा नाही, जीभ कात्रीसारखी. हिवाळ्यात मात्र तिचा दुसरा उद्योग चाले. नागपूरची मृणाल माणसांना जपानी पद्धतीनं तागाच्या दोरांनी बांधून उघड्यावर फोटो काढायची, आणि शालूताई तिची मॉडेल. हे कशाला, असं विचारलं तर म्हणे, "सालभर मीच साऱ्याईचं करून राहिली. घडीभर हात बांधले का कोणी काम सांगत नाही."

मी शेजारीण, शाळेत कारकून, त्यामुळे व्यवस्था माझ्याकडे. थर्मास, घोंगडी, फल्लीदाण्याचे लाडू आणि दोर कापायची कात्री. थंडीत बोटं वाऱ्यानं बधिर झाली की दोरानं, ते कळत नाही. म्हणून मी मधूनमधून तिच्या हातात हात द्यायची, तिनं तो दाबायचा. जोर कमी वाटला की दोर सुटलाच. मृणाल कुरकुरली तर शालूताई विचारी, "हात गेले तर ब्लाउज तू शिवशीन का?"

तिची अट एकच, फोटोत चेहरा नको. गाव लहान, लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाइकं तुटली तर खायचं काय?

पौषातल्या एका सकाळी रामाकोन्याजवळ, ओळखीच्यांच्या बागेत, ती संत्र्याच्या झाडाला बांधलेली होती. तेवढ्यात शेजारच्या वावरातले गुलाबराव काठी घेऊन आले. त्या दिवसांत बागांत चोऱ्या चालल्या होत्या. मान खाली घातलेली, बांधलेली बाई पाहून त्यांना समाधान वाटलं.

"सापडली न? किती तोडले हिनं?"

"दोन क्यारेट भरून," मी म्हणाले. घाईत तेवढंच सुचलं, आणि तेवढ्यावर निभावलंही असतं. पण शालूताईनं मान वर केली.

"ओ भाऊ, चोर कोणाले म्हणून राहिले? तुमच्या कुसुमबाईचे ब्लाउज मीच शिवते. एक चिंधी तरी ठेवली का कधी? हौसेनं बांधून घेतलं. हे पोरगी फोटो काढून राहिली."

गुलाबराव बराच वेळ दोर पाहत राहिले. "हौसेनं," ते म्हणाले. मग जाता जाता, "गाठ चांगली हाय."

ते गेल्यावर मी तिला झापलं. "येडी झाली का वो? चोर म्हटलं असतं तर काय बिघडत होतं?"

"चोरापाशी कोणी कापड देते का?" शालूताई म्हणाली. मग मृणालकडे वळली. "आता तोंड लपवून काय उपेग? काढ माय, तोंडासकट काढ."

आठवडी बाजाराच्या आत बातमी पांढुर्ण्याला पोचली. काही बायांनी कापड परत नेलं. गुलाबरावांच्या कुसुमबाईंनी मात्र आणखी आणून टाकलं, आणि माप देता देता हळूच विचारलं, "थंडी नाही वाजत?"

"वाजते न. पण ते घरी भांडे घासतानाही वाजते."

गेल्या साली शालूताई गेली. हृदयविकार, मशीनवर बसल्या बसल्याच. पांढुर्ण्याहून भाऊ आला आणि हार घालायला फोटो शोधू लागला. आधार कार्डावरचा तर ओळखूच येईना. शेवटी त्या सकाळचा फोटो मी काढून दिला. भावानं गळ्याखालचा भाग कापून फ्रेम करून आणली. तेराव्याला जो तो म्हणत होता, चेहरा काय प्रसन्न आहे.

कुसुमबाईंनी फोटोला हात जोडले आणि माझ्याजवळ सरकल्या.

"पूरा तुमच्यापाशी असन न?"

"आहे."

"मोबाइलवर नका पाठवू. आमचे हे पाहतीन."

"मंग उद्या दुपारी घरी या."

आल्या. सोबत आणखी चौघी होत्या. त्यांतल्या दोघी कापड परत नेणाऱ्या.