उजव्या छातीवरचं पदक

चालत्याबोलत्या नवऱ्याला मी एकदा भर सभेत शहीद करून टाकलं. पदक मिळवणारा ते डाव्या छातीवर लावतो; तो गेला, की त्याच्या घरचे उजव्या छातीवर लावतात. फौजेतली साधी रीत. पण मी जळगावची लेक. सोन्याचा कस सांगायची, पदकाची बाजू कुठून ठाऊक असणार?

एकाहत्तरच्या लढाईत हे सेकंड लेफ्टनंट होते, मिसरूडही धड न फुटलेले. शत्रूचं एक ठाणं घेतलं, पदक मिळालं आणि गुडघा कायमचा गेला. त्या गुडघ्यापायी बढती अडली, आणि कॅप्टनवरच थांबून हे धुळ्याला परतले. मी तर ‘आमचे हे कर्नल होणार’ म्हणून माहेरी सांगून बसलेली. आता हे देवपुरात कॉलेजच्या पोरांकडून परेड करून घ्यायचे, आणि पदक ट्रंकेत, स्वेटरांखाली. ठाण्याचं विचारलं की म्हणायचे, "थंडी फार होती."

"मग थंडीचं पदक दिलं का सरकारनं?"

हे पेपर उघडायचे. वर्षानुवर्षं हेच. भिंतीशी भांडलं तर निदान पोपडा तरी पडतो.

ऐंशीनंतरच्या एका सव्वीस जानेवारीला सत्कार ठरला. ह्यांच्या तुकडीतला चोपड्याकडचा एक जवान त्याच ठाण्यावर कामी आला होता. त्याची आई येणार म्हटल्यावर कुठे हे पदक लावायला कबूल झाले. मी ते रांगोळीनं घासून लख्ख केलं. कोटाच्या डाव्या खिशात माझ्या भरतकामाचा रुमाल खोचला होता. तो झाकला जाऊ नये म्हणून पदक टोचलं उजवीकडे. हे आरशात बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, रुमाल आवडला.

मांडवात ती म्हातारी आई ह्यांच्या शेजारीच बसली होती. लुगड्यावर उजव्या बाजूला मुलाचं पदक. तिनं ह्यांच्या छातीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. हे मान खाली घालून म्हणाले, "असू द्या, माय. आहे तिथंच बरं आहे."

आत्ता कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. म्हातारीनं ह्यांचं पदक सोडवलं, माझ्या हातात ठेवलं आणि अहिराणीत म्हणाली, "नवरा जिता शे तुना. डावीकडे लाव. उजवी बाजू मन्हा पोऱ्यानी शे."