खळ्यावरची अक्षरे

माझे पहिले अक्षर ओल्या शेणावर उमटले. पाटी पुढे मिळाली, आणि तीही त्या शेणामुळेच.

जोयड्याच्या रानातल्या आमच्या गावात तेव्हा शाळेची इमारत नव्हती. कॅसलरॉकला आगगाडीतून उतरून, डोंगर चालून आलेले एक मास्तर देवळाच्या ओसरीवर मुलांना शिकवीत. त्यांना रोज सकाळी ताकाचा तांब्या पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. तांब्या रिकामा होईतो मी पायरीवर बसे आणि समोरच्या धुळपाटीवर उमटणारी अक्षरे डोळ्यांनी वेचून घरी आणी. बाबांना हे ठाऊक होते. "मळणीपतूर काय शिकायचं ते शिक," एवढेच त्यांनी बजावले होते. "मग घरची कामं हायत." मळणीनंतर ताक धाकट्या बहिणीने न्यायचे, असे ठरून गेले होते.

भात कापून झाले, अंगणाच्या कडेला भाऱ्यांची उडवी रचली गेली, आणि मळणीच्या आदल्या दिवशी आईने मला खळे सारवायला धाडले. शेणकाला गार होता, बोटांना लोण्यासारखा लागत होता. उडवीतून नव्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता. तळव्याने अर्धगोल ओढता ओढता माझे एक बोट पुढे आले आणि मागे जाईना. मी 'भात' लिहिले. मग विळा, सूप, बैल. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीभोवती शब्दांचे कडे पुरे होईतो मी थांबले नाही. उतरत्या उन्हाने ते वाळवून पक्के केले.

सकाळी शेजारची घरे आपापले बैल घेऊन आली. आमच्याकडे मळणी एकमेकांच्या हातांनीच उरकते. सगळ्यांत पुढे असलेल्या काकांनी खळ्यात टाकायला उचललेला पाय तसाच मागे घेतला.

"वयनी, हे काय?"

आईने माझ्याकडे बोट दाखवले. तिथे दुसऱ्या कोणालाच वाचता येत नव्हते. पण अक्षर म्हणजे सरस्वती आणि तिला पाय लागता कामा नये, हे प्रत्येकाला ठाऊक होते. माणसाचा पाय चालत नाही, तिथे बैलाचा खूर कसा चालावा? माणसे आणि जनावरे कडेला ओळीने उभी राहिली.

"पोरीनं देवीलाच आनून बसवलं खळ्यात," आत्या म्हणाली. "आता तिलाच सांगा भात मळायला."

"वरनं सारवून टाका की," काका म्हणाले.

"सरस्वतीच्या तोंडाला शेन फासतोस व्हय?"

बाबा माझ्याकडे वळले. माराची भीती मला वाटली नाही. हे पुसले गेले की माझे शिकणेही पुसले जाईल, एवढे मात्र लख्ख कळत होते.

"काय लिवलंस ते वाच," ते म्हणाले. "वाचल्याबिगर देवीला वाटंला लावायचं न्हाई."

मी मेढीपासून सुरुवात केली. मी शब्द मोठ्याने वाचायचा, बाबांनी त्यावर पाणी शिंपडायचे आणि मी तो तळव्याने हलकेच मिटवायचा. दव वाळत होते, बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती, आणि माझा आवाज मलाच नवा वाटत होता.

'बैल' वाचले तेव्हा काकांनी विचारले, "कुनाचा?"

"आमचा."

"आनि माझा?"

"तुमचा पन त्यातच हाय, काका. बैल एकदा लिवला की समद्यांचा."

माणसे हसली. "तोंड तर मास्तराचं आलंय हिला," आत्या पुटपुटली. पण पुढच्या शब्दाशी तीच आधी येऊन उभी राहिली.

शेवटी एक शब्द उरला. मी वाचला, "ताक."

"हे कशाला लिवलंस?" बाबांनी विचारले.

"उद्यापासनं ते माझ्या हातात नसनार म्हनून."

त्यांच्या ओंजळीतले पाणी बोटांमधून गळून गेले. त्यांनी ती पुन्हा भरून घेतली आणि त्या शब्दावर हळूच सोडली.

ऊन दोन कासरे वर आले तेव्हा खळे सुकले आणि बैल मेढीभोवती फिरू लागले.

दुसऱ्या सकाळी आईने तांब्या भरला आणि धाकटीला हाक मारली. बाबा गोठ्यातून आले. त्यांच्या हातात शिवणीच्या लाकडाची फळी होती; कडा अजून खरबरीत होत्या. तांब्या उचलून त्यांनी माझ्या हाती दिला आणि फळी माझ्या काखेत सरकवली.

"खळ्यात लिवायचं न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्यावर लिव."

फळीला ताज्या तासलेल्या लाकडाचा वास होता. ताक न सांडता मी देवळाची वाट धरली.