आत्याने मोटारदेव उतरवला

ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा अशा गोष्टी माझी आत्या सुका जवळा निवडता निवडता सांगायची. आवाज चढायचा नाही, मान वर व्हायची नाही. नवऱ्याचं तेरावं झालं त्याच आठवड्यात जवळ्यातला कचरा बाजूला काढत ती म्हणाली, "बाय, आपली मोटार मी चालू करून घेनार हाय." 'बाय' म्हणजे मी, तिच्या भावाची मुलगी, अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. तिने जवळ्याचं सूप तेवढं पलीकडे सरकवलं.

ती मोटार म्हणजे बदलापूर गावातल्या तिच्या घराचं भूषण. तिच्या सासऱ्यांनी मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून आणलेली विलायती गाडी, आत्या लग्न होऊन आली तेव्हाच बंद पडलेली. मागे लांबलचक सपाट जागा, तिथे पितळी पट्ट्या आणि लाकडी रूळ. कुणा राजाची ती शिकारीची गाडी, असं घरात सगळे सांगत. "वाघ मारून हितं आडवा टाकायचा नि रुलांवरून आत ढकलायचा," आत्या पाहुण्यांना दाखवायची. पाहुणे त्या रुळांवरून हात फिरवत, पोरं आत आडवी होऊन वाघ बनत. कॉलेजात मीही या वाघावर पुष्कळ भाव खाल्ला होता.

मोटारीत देव होता. पहिल्याच दसऱ्याला सासऱ्यांनी बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर दिसलेल्या एका पट्टीला तेलशेंदूर लावला. मग दर दसऱ्याला थरावर थर चढला, त्याचा नारळाएवढा गोळा झाला, पुढे कुणीतरी त्याला चांदीचे डोळेही बसवले. तो आमचा मोटारदेव. घरात येणारी प्रत्येक नवी सून आधी त्याच्या पाया पडे, मग सासूच्या.

गाडी दुरुस्त करायला आत्याने उल्हासनगरहून, एक नंबर कॅम्पातून, लछूभाईला आणलं. हा गॅरेजवाला भलता बोलका. पहिल्या भेटीत त्याने गाडी कुठल्या कंपनीची ते छातीठोकपणे सांगितलं, दुसऱ्या भेटीत तितक्याच छातीठोकपणे दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं. आत्या त्याला तोंडावर म्हणाली, "मना अस्सल पायजे. तुमचा उल्हासनगरचा माल नको." तो मनापासून हसला. "अम्मा, हम नकली नहीं बनाते. हम वैसा ही बनाते हैं." पण वैसाच बनवायला गाडी मुळात कशी होती ते कळायला हवं, आणि ते बनवणाऱ्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं. अशी पट्टी कुठे असते, असं मी विचारलं. लछूभाईने बॉनेटकडे बोट केलं आणि मग ते बोट घाईघाईने मागे घेतलं.

देवाला हात कोण लावणार? लछूभाईने कानाला हात लावले. आत्याचा मुलगा दिनू घाईला आला होता, कारण त्याला ही गाडी लग्नांना नवरदेवासाठी द्यायची होती आणि 'राजाची शिकारी गाडी' अशी कार्डंही त्याने छापायला टाकली होती. तरी तोही मागे सरला. आत्या मात्र सकाळी ओलेत्याने आली, हातात भाकरीचं उलथणं. मी म्हटलं, "आत्या, कोप होईल." ती म्हणाली, "देव शेंदराचं कवच टाकतोच. येल झाली की टाकतो." उलथणं खाली सरकवून तिने हलकेच दाबलं आणि अख्खा मोटारदेव डोळ्यांसकट तिच्या ओंजळीत उतरला. तिने तो लाल फडक्यात गुंडाळला आणि आधी उल्हास नदीवर जाऊन त्याचं विसर्जन करून आली, तोवर कुणाला पट्टीकडे बघूही दिलं नाही.

मग चिंचेने पट्टी घासली आणि मला म्हणाली, "वाच." मी वाचलं. नंबर, बनवणाऱ्याचं नाव, आणि खाली गाडी कशासाठी बांधली ते. ती शेवटची ओळ मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचली. तरी ती बदलेना.

"आत्या," मी म्हटलं, "ही मढं न्यायची गाडी आहे."

सगळ्यांच्या नजरा त्या रुळांवर गेल्या. रुळांना टेकून उभी असलेली दिनूची बायको चटका बसल्यासारखी बाजूला झाली. दिनू तडक विहिरीवर गेला आणि कपड्यांसकट अंगावर पाणी ओतून घेऊ लागला. इतकी वर्षं आम्ही दसऱ्याला कशाला ओवाळत होतो, हे मनात येऊन मी हात पदराला पुसत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी ती गाडी कुणीतरी उचलून न्यावी असंच मलाही वाटलं.

दिनू ओलाच परत आला, "भंगारात घाला" म्हणाला. लछूभाईने मधला रस्ता काढला, "अम्मा, पीछे सीट लगा देता हूँ. किसको पता चलेगा?" आत्याने विचारलं, "अस्सल बोललं होतं ना मी?" तो चाचरत म्हणाला, "असली तो फिर यही है." "मंग हीच कर." लछूभाई मटकन ओट्यावर बसला. दिनू आईवर पहिल्यांदाच ओरडला. तिने ओरडून दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मेलेला वाघ हितं झोपत होता तवा सगल्यांना कवतिक. मानूस झोपला तर इटाल?" त्या दिवसापासून दिनूने आईशी बोलणं टाकलं.

गाडी तयार झाली. काळी कुळकुळीत, काचांना नक्षी, रूळ नव्याने तासलेले. गावात कुणी तिच्याकडे बघेना. पहिलं बोलावणं आलं ते स्टेशनकडच्या नव्या टॉवरमधून. एक निवृत्त मास्तर एकटेच राहत होते, मुलगा परदेशात, शववाहिका काही केल्या येत नव्हती. वॉचमन विचारत विचारत आत्याच्या दारात आला. लछूभाई गाडी चालवायला बसला आणि आत्या शेजारी चढली. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. तिथल्या पुरुषांनी तिला फाटकाशीच अडवलं, तर ती म्हणाली, "त्याला हितं वलखीचं कोन हाय? गाडी माजी, पावना माजा." आणि अग्नी देऊन होईपर्यंत उभी राहिली. हे ऐकून माझ्या वडिलांनी बहिणीशी दोन दिवस फोनवर भांडण केलं. पण त्यानंतर बोलावणी येतच राहिली, चामटोलीपासून पार अंबरनाथपर्यंत, आणि ती प्रत्येक वेळी पुढे बसून गेली. पैसे कधी घेतले नाहीत. दिनूने गाडीला कधी बोटही लावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. लछूभाई किल्ली हातात घेऊन फाटकाबाहेर गाडीशी उभा होता, आणि दिनू त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या आईला खांदे हायेत. तुझी गाडी नको." लछूभाईने मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, पण बोलायची हिंमत झाली नाही.

तिरडी उचलली. दिनू पुढे होता. फाटकाशी येऊन तो थांबला, इतका वेळ थांबला की मागच्यांचे खांदे भरून आले. मग किल्लीवाल्याकडे न बघता म्हणाला, "मागचं दार उघड." माझा कानांवर विश्वास बसेना. दिनूने स्वतः आईला रुळांवरून आत सरकवलं, हळूच, शेवटी पायांशी हात धरून. दार लावून तो वळला आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"तिच्यासोबत पुढं कोन?" त्याने विचारलं.

पुरुषांपैकी कुणी हललं नाही. दारातल्या बायकांमधून मी बाहेर आले, चपला काढल्या आणि गाडीत चढून बसले. मागचं रडणं एकदम थांबलं. मी दार ओढून घेतलं. लछूभाईने माझ्याकडे पाहिलं, दिनूकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.