शिजवलेलं लाकूड

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला एका लाकडानं वेड लावलं. कशेळीला खाडीकाठी गोदामाचा पाया खणताना खोल चिखलात एक काळंकुट्ट खोड सापडलं. ते शेकडो वर्षं गाडलेलं असावं, असं मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना वाटत होतं. तिथे मुकादम असलेल्या मामानं त्याचे दोन तुकडे चिखलासकट डब्यात घालून मला आणून दिले. आत जिवंत जिवाणू आहेत का आणि कुठले, हे मला शोधायचं होतं.

पहिल्या खेपेला जिवाणू वाढवायच्या प्लेटमध्ये ठिपके उगवले तशी मी हरखले. मॅडमनी माझ्या आनंदावर पाणी ओतलं. "हे तुझ्या हातावरचे नाहीत कशावरून? पुढच्या खेपेला सिद्ध कर, नाहीतर विषय बदल." विषय बदलला की वर्ष गेलंच.

शेजारच्या कापडाच्या लूमनं आमच्या घरातलं टेबल थरथरायचं, म्हणून कॉलेजातून आणलेला मायक्रोस्कोप मी शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला काढायची. प्लेटा, चिमटे, सगळं आधी बाहेरचे जंतू मारायला घरच्या कुकरमध्ये वाफवायची. आई ते रोज बघत होती. एके सकाळी मी अंघोळ करून आले, तर कुकर शिट्ट्या मारतोय आणि एक तुकडा गायब.

"तुझं काम हलकं केलं," आई म्हणाली. "चिवट होता, भरपूर शिजवलाय."

"अगं, त्यातलेच जीव हवे होते मला."

तिचा चेहरा इतका पडला की मला पुढे भांडताही येईना. धुसफुसत मी उरलेला तुकडा कापायला घेतला. चाकू गॅसवर तापवताना एकदम सुचलं: हात तेच, चाकू तोच, मग शिजलेल्यातून काहीच उगवलं नाही, तर कच्च्यातले जीव लाकडातलेच ठरतील! मी दोन्ही तुकडे कापले आणि प्लेटा लावल्या.

पुढच्या शुक्रवारी मॅडम घरीच आल्या. कच्च्या तुकड्याची प्लेट ठिपक्यांनी भरली होती, शिजलेल्याची कोरी. ठिपका रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला, तर जांभळ्या कांड्या, पोटात बीजाणू.

"बॅसिलस," मॅडम म्हणाल्या. "आणि लाकडातलेच. ही कोरी प्लेट कशी सुचली तुला?"

मी आईकडे बोट दाखवलं. "एक तुकडा हिनंच शिजवला." मॅडम उठल्या आणि त्यांनी आईचे हात हातात घेतले.

आई पुरती गोंधळली. "उरलेलंही लावू का कुकरला?" तिनं विचारलं.