सर्व्हरवरचं नाव

गरम रबराचा वास आला की मला साजगावचा तो कारखाना आठवतो. तिथला सर्व्हर बदलला होता, आणि तिथला गेटपासचा प्रोग्राम लिहिणारा माझा सहकारी महिन्यापूर्वीच अचानक वारला होता, म्हणून मला एकटीला पाठवलं. नव्या सर्व्हरवर प्रोग्राम सुरूच होईना. गेटपास निघत नव्हते आणि बाहेर ट्रक उन्हात खोळंबले होते. असा प्रोग्राम स्वतः डेटाबेस शोधायला जात नाही; काय हवंय ते त्यात नावानिशी लिहून ठेवायचं, मग सर्व्हर ते आणून देतो. पण सर्व्हरवरही अगदी त्याच नावाची नोंद लागते. मी कंपनीच्या नियमाप्रमाणे लांबलचक नाव नोंदवलं होतं. शेवटी त्याचा कोड उघडला, तर तिथे एका लहान मुलीचं लाडाचं नाव होतं. मी ते नकळत मोठ्याने वाचलं. दाराशी बसलेले वॉचमनकाका म्हणाले, "ती सरांची लेक. मागल्या उन्हाळ्यात तिच्यासाठी शिळफाट्यावरनं करवंदं घेऊन गेले व्हते. तुमाला ठाव नाय, म्याडम?" तेच नाव नोंदवल्यावर प्रोग्राम चालू झाला, पहिला ट्रक बाहेर पडला. काकांनी चहा आणून दिला. दोन वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो होतो, आणि त्याच्या घरी कोण कोण आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आता मी घरूनच काम करते. शेजारी टेबलच नाही.